घुबडाच्या नावाआड

रोस्विता कुनर्ट पूर्व जर्मनीतल्या क्रेबनित्स गावची सरपंच झाली ती काही हौसेनं नाही. आधीचे सरपंच अचानक गेले आणि त्यांच्या जागी उभं राहायला कुणी पुढं येईना. अग्निशमन दलाच्या शेडमध्ये सभा भरली, सगळे आपापल्या बुटांकडे बघत बसले, आणि मग एकेक मान तिच्याकडे वळली. नवरा वारलेला, मुलगी लाइपझिगला, नोकरीतून नुकतीच सुटलेली, त्यात अर्धा जन्म जिल्ह्याच्या कचेरीत गेलेला. हिच्याशिवाय दुसरं कोण? काम बिनपगारी होतं. रस्त्यातला खड्डा, दफनभूमीतला गळका नळ, कुणाची फांदी कुणाच्या कुंपणावरून आत आली, असल्या तक्रारी घेऊन लोक थेट घरी यायचे आणि स्वयंपाकघरात बसून कॉफी पिऊन जायचे. पुढं पुढं तिला ते आवडायलाही लागलं.

गाव तिला नवं नव्हतं. तिथंच जन्मली, तिथंच वाढली. शाळा सुटली तशी टॉवेलच्या गिरणीत लागली. शेजारच्या मागावर मार्लिस होयर होती. मागांच्या खडखडाटात कानाशी ओरडलेलंही ऐकू यायचं नाही, म्हणून गिरणीतल्या बाया एकमेकींच्या ओठांवरून बोलणं वाचायला शिकायच्या. या दोघींना ओठ हलवायचीही गरज पडत नाही, असं मुकादम म्हणायचा.

पुढं बर्लिनची भिंत पडली, दोन्ही जर्मनी एक झाले आणि वर्ष फिरलं नाही तोच गिरणीला कुलूप लागलं. माग भंगारात गेले. रोस्वितानं सरकारी वर्गात बसून टायपिंग आणि हिशेब शिकून घेतले, तिला कचेरीत जागा मिळाली. मार्लिसच्या वाट्याला हॉस्पिटलच्या फरश्या आल्या. तिची दोन्ही मुलं पोटामागं पश्चिमेला गेली, ती नाताळपुरती उगवायची. दोघींच्या आयुष्यात पडत गेलेलं हे अंतर कधी बोलण्यात आलं नाही. रोस्विताच्या तर ते ध्यानातही आलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, रायनहार्टला, कर्करोग झाला तेव्हा शेवटी शेवटी मार्लिसच त्याच्या उशाशी बसायची, रोस्विताला घटकाभर डोळा लागावा म्हणून. तो गेला त्या सकाळी खिडकी उघडली ती मार्लिसनंच.

मग लिंडेनहोफचं प्रकरण आलं. लिंडेनहोफ म्हणजे गावातलं जुनं खानावळवजा हॉटेल, कित्येक वर्षं बंद पडलेलं. जिल्ह्यानं ते भाड्यानं घेतलं आणि तिथं सीरिया, अफगाणिस्तानातून आलेली कुटुंबं ठेवायचं ठरवलं. रोस्विताला विचारलं नव्हतं, नुसतं कळवलं होतं. तिनं त्याच शेडमध्ये सभा बोलावली. लोक तापलेले होते. शाळेची बस बंद होते, डॉक्टर मिळत नाही, त्याला पैसे नाहीत, आणि ह्याला आहेत? त्यांचं काही अगदीच चूक नव्हतं आणि रोस्वितानं तसं सांगितलंही. ती म्हणाली, ‘‘हे मी ठरवलेलं नाही आणि मला न विचारता ठरवलं याचा मलाही राग आहे. पण दारात आलेल्या माणसाला छप्पर देऊ नका, असं माझ्या तोंडून निघणार नाही.’’

कुणीतरी मोबाइलवर चित्रण करत होतं. त्यानं पहिलं वाक्य कापलं, दुसरं ठेवलं आणि गावाच्या इंटरनेटवरच्या गटात टाकून दिलं. तिथून ते देशभर गेलं.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या फोनला उसंत राहिली नाही. ज्या शहरांत तिनं उभ्या जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, तिथली माणसं तिला नावानिशी शिव्या घालत होती. म्हातारी गद्दार. हिलाच पाठवा तिकडं. हिच्या मुलीवर वेळ येऊ दे म्हणजे समजेल. कुणी तिच्या फोटोखाली दोरीचं चित्र चिकटवलं. पहिल्यांदा तिला वाटलं, कुत्री भुंकतात, चंद्राला काय त्याचं. पण चंद्राच्या फोनवर ती कुत्री भुंकत नसतात. जेवायला बसलं की फोन थरथरायचा आणि घास तोंडातच राहायचा.

हे सगळं परक्यांचं होतं, म्हणून कसंबसं गिळता येत होतं. पण त्यांच्यात एक जण ‘रानघुबड’ नावानं लिहायचा. त्याच्या लिहिण्यात शिव्या कमी असायच्या. त्यानं लिहिलं, बाई हल्ली मागच्या खोलीत झोपतात. पडदा निळा आहे. पेट्रोलची बाटली तिथवर कुणीही फेकू शकेल. आणखी एकदा लिहिलं, रायनहार्ट वेळेवर मेला, बायकोचे हे प्रताप बघायला उरला नाही, आणि जो त्रास भोगून मेला तो त्याच्या नशिबात हिच्यामुळेच होता.

पेट्रोलचं वाचून रोस्वितानं पलंग पुढच्या खोलीत ओढला. रायनहार्टचं वाचून ती मोरीपाशी जाऊन उभी राहिली आणि नळ सोडून त्याच्याकडे बघत राहिली. मागच्या खोलीतला पडदा रस्त्यावरून दिसत नाही. तो दिसायला घरात यावं लागतं.

त्या दिवसापासून तिचं गाव तिच्या हातून गेलं. पावाची गाडी आली की रांगेत उभं राहून ती एकेकाचा चेहरा चाचपायची. हा असेल? ही? पाद्री हसला तर का हसला? चर्चच्या गायनमंडळीत ती आणि मार्लिस खालच्या पट्टीत शेजारी शेजारी गायच्या. आता गाताना तिला सगळ्यांच्या पाठी दिसायच्या आणि एखाद्या पाठीवरच तिची नजर खिळून सूर चुकायचा. धास्तीपेक्षा हा संशय वाईट होता. संशयानं ती स्वतःच्याच मनातून उतरत चालली होती.

त्या दिवसांत एक मार्लिसच तेवढी न चुकता यायची. दुपारी डब्यात बटाट्याचं नाहीतर मसुराचं सूप घेऊन यायची, समोर बसून ते संपवायला लावायची. फोन हातातून काढून घेऊन पालथा ठेवायची. ‘‘वाचू नकोस गं. डोक्याला तेवढाच ताप,’’ म्हणायची. पुढं रोस्विताला आठवलं, हे घुबड कोण असेल हे मार्लिसनं एकदाही विचारलं नव्हतं.

असला मजकूर कंपन्यांनी ताबडतोब काढून टाकायचा असा कायदा देशात होता. मुलीनं, आंट्यानं, लाइपझिगहून फोनवर सांगितलं तसं रोस्वितानं एकेक मजकूर कंपनीला कळवला. दोरीचं चित्र निघालं. निळ्या पडद्याबद्दल उत्तर आलं की या मजकुरात आमच्या नियमांचा भंग आढळला नाही. उत्तराखाली एक हसरा चेहरा होता आणि आमची सेवा कशी वाटली ते सांगा म्हणून विनंती होती.

जवळच्या पोलीस ठाण्यात तिचा मुलगा शोभेल अशा वयाचा शिपाई होता. तो चांगला वागला. राजकारणात पडलं की कातडी जाड ठेवावी लागते, असं त्यानं तिला समजावलं. ती म्हणाली, ‘‘बाळा, मी राजकारणात नाहीये. मी नळ दुरुस्त करून घेते.’’

शेवटी आंट्यानं शोधून काढलं की इंटरनेटवरच्या अशा विखारी लिखाणासाठी राज्यात सरकारी वकिलांची वेगळी शाखाच आहे. तिथं लिंडाउबाई नावाच्या वकील होत्या, बारीक चणीच्या, सतत सर्दी झालेल्या. रोस्वितानं जमवलेल्या मजकुराचे त्यांनी टेबलावर तीन ढीग केले. गावातून हाकला हिला, हे मत झालं, त्याला हात लावता येत नाही. लटकवा हिला, हा गुन्हा. आणि गावात झाडं अजून पुष्कळ आहेत, यावर न्यायाधीश काय म्हणतील ते त्यांच्यावर.

‘‘म्हणजे सगळा व्याकरणाचा प्रश्न म्हणायचा,’’ रोस्विता म्हणाली.

‘‘बराचसा,’’ लिंडाउबाई नाक पुसत म्हणाल्या. ‘‘हसू नका, कुनर्टबाई. ही रेघ नीट ओढली नाही तर उद्या आम्ही नुसती कुरकुर करणाऱ्यालाही आत टाकू. तुम्ही भिंतीच्या त्या काळात वाढलायत. तुम्हाला नको वाटेल ते.’’

रोस्विताला ते पटलं. तिच्या तरुणपणी सरपंचाविषयी वाकडं बोलणाऱ्याची नोंद व्हायची आणि कुणी केली हे कधी कळायचं नाही. ती हसायची थांबली. मग लिंडाउबाईंनी विचारलं की फिर्याद कुणाकुणावर द्यायची. काही गुन्ह्यांत सरकार आपणहून हात घालतं, पण अपमानाचा गुन्हा ज्याचा अपमान झाला त्यानं सही केल्याशिवाय पुढं सरकत नाही. रोस्वितानं सगळ्यांवर म्हणून सांगितलं आणि सही केली.

त्यानंतर आंट्या हट्टानं तिला लाइपझिगला घेऊन गेली. मार्लिस म्हणाली, तू खुशाल जा, रायनहार्टच्या थडग्यावरच्या फुलांना मी पाणी घालीन. आणि तिनं घातलं. उन्हाळा कडक होता, तरी रोस्विता परतली तेव्हा त्या थडग्यावरची बेगोनिया आख्ख्या दफनभूमीत सगळ्यात टवटवीत होती. लिंडाउबाईंनी तारखा लावल्या तेव्हा पुढं कळलं, रायनहार्टविषयी रानघुबडानं नंतर लिहिलेले, आधीहूनही वाईट शब्द त्याच दिवसांतले होते.

ती लाइपझिगला असतानाच लिंडेनहोफ जळलं. पहाटे छपरानं पेट घेतला. मार्लिसचा नवरा गेरोल्ड अग्निशमन दलात होता, तो आणि गावातली चार माणसं पाण्याचे पाइप घेऊन धावली, पण वाळलेलं लाकूड ते, खालच्या भिंती तेवढ्या राहिल्या. आत कुणी नव्हतं हे नशीब. आग लावलेली होती हे तपासात निघालं, कुणी लावली हे निघालं नाही, आणि आजपर्यंत निघालेलं नाही. जिल्ह्यानं बेत सोडून दिला. ज्या कुटुंबांवरून एवढं रान पेटलं, त्यांतलं एकही माणूस क्रेबनित्सला कधी आलं नाही.

पानं गळायला लागली तेव्हा लिंडाउबाईंचा फोन आला. बरेचसे लोक सापडले नव्हते. कुणी खोटी नावं घेतलेली, कुणाची खाती परदेशातली. काहींना दंडाचे हुकूम गेले होते. आणि रानघुबड सापडलं होतं. त्यांनी आधी विचारलं की तुम्ही बसलेल्या आहात का. मग नाव आणि पत्ता सांगितला.

‘‘पत्ता पुन्हा सांगा,’’ रोस्विता म्हणाली.

त्यांनी पुन्हा सांगितला. तोच होता, तिच्या दारातून दिसणारा. पोलीस सकाळीच तिथं जाऊन स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा टॅबलेट घेऊन गेले होते. मार्लिसनं नाकारलं नव्हतं. दार उघडल्यावर ती म्हणे एवढंच बोलली, की गेरोल्डला यातलं काही माहीत नाही.

गेरोल्ड दोन दिवसांनी आला. टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला, आत ये म्हटलं तरी येईना. तो मुळातच मितभाषी. मार्लिसनं काय लिहिलंय ते त्यानं वाचलं नव्हतं आणि वाचणार नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच, की फिर्याद मागं घे. बाई साठीच्या पुढं गेलेली, कोर्टात उभी राहिली तर खचेल. ती रात्ररात्र तुझ्या नवऱ्याजवळ बसली होती, हे तेवढं विसरू नकोस. रोस्विता म्हणाली, विसरता येत नाही हाच तर त्रास आहे.

तिनं लिंडाउबाईंना विचारलं. पेट्रोलची धमकी सरकारची झाली होती, तिच्यावर आता रोस्विताची सत्ता नव्हती. पण अपमान आणि मेलेल्या माणसाची विटंबना या दोन गोष्टी तिच्या सहीवर उभ्या होत्या. त्या मागं घेता येत होत्या. म्हणजे बाटलीची क्षमा कोर्टाच्या हातात होती आणि रायनहार्टची तिच्या.

ती मार्लिसकडे गेली. रस्ता ओलांडायचा तेवढा. मार्लिस बटाटे सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण पायानं खुर्ची पुढं सरकवली, नेहमीसारखी. रोस्विता बसली.

मग रोस्वितानं विचारलं, ‘‘लिंडेनहोफ?’’

‘‘नाही,’’ मार्लिस म्हणाली. ‘‘काडी मी लावली नाही. कुणी लावली ते ठाऊकही नाही. आईची शपथ.’’

‘‘पण पेट्रोल तू सुचवलंस.’’

मार्लिसची सुरी थांबली. ‘‘तिथं सगळे तसंच बोलतात, रोझी. तिथं तसंच बोलायचं असतं. मी पहिल्यांदा साधं लिहिलं होतं, बस बंद झाली म्हणून. कुणी बघितलंही नाही. मग जरा झणझणीत लिहिलं. दोनशे माणसांनी बरोबर म्हटलं. मला, मार्लिस होयरला. उभ्या जन्मात दोन माणसांनी मला बरोबर म्हटलेलं नाही.’’

‘‘मी म्हणत होते.’’

‘‘तू?’’ मार्लिसनं आता वर पाहिलं. ‘‘तू कचेरीत गेलीस. मी तुझ्याच साहेबांची घाण पुसत होते हॉस्पिटलात. तू कधी विचारलंस? माझ्याकडे यायचीस ती रडायला. माझ्या रडण्याची पाळी कधी आलीच नाही.’’

यातलं खरं किती आणि आता बचावाला आणलेलं किती, हे रोस्विताला कळेना. खरं असेलही. तिला खरोखरच मार्लिसनं फरश्या पुसल्या ती वर्षं आठवत नव्हती. स्वतःची आठवत होती.

‘‘आणि दुपारी सूप घेऊन यायचीस ती कोण?’’

‘‘मीच. ते खोटं नव्हतं.’’ मार्लिसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते बटाट्याच्या हातानंच पुसलं. ‘‘लिहायचे ते तुला नाही गं. ती सरपंच होती. फोटोतली. तू माझ्या डोक्यातच नसायचीस तेव्हा.’’

‘‘आणि रायनहार्ट?’’

मार्लिसनं सोललेला बटाटा पाण्यात टाकला. मग म्हणाली, ‘‘त्या दिवशी सगळ्यात जास्त लोकांनी वाचलं होतं.’’

रोस्विता उठली. दारापर्यंत जाऊन थांबली, वळली नाही. घरी येऊन तिनं लिंडाउबाईंना फोन केला आणि सही आहे तशी राहू दे म्हणून सांगितलं.

खटला जिल्ह्याच्या गावी चालला. छोटी खोली, वर्तमानपत्राचा एक माणूस, गावातली दहाबारा डोकी, सगळी मार्लिसच्या बाजूच्या बाकांवर बसलेली. न्यायाधीशांनी मजकूर वाचायला घेतला. त्यांचा आवाज सपाट, पोस्टातल्या माणसासारखा. निळा पडदा. बाटली. वेळेवर मेला. आपली वाक्यं परक्या पुरुषाच्या तोंडून ऐकताना मार्लिसनं आधी मान खाली घातली, मग दोन्ही हात कानांवर ठेवले. न्यायाधीशांनी हात खाली घ्यायला सांगितलं आणि पुढं वाचलं. रोस्विताला साक्षीला उभं केलं तेव्हा विचारलं, भीती वाटली होती का. ती म्हणाली, पेट्रोलची फारशी नाही, पण आपल्या घरात येऊन गेलेलं हे माणूस कोण, याची वाटली, आणि ते कळल्यावर जास्त वाटली.

मार्लिसला दंड झाला, गुन्हा नोंदला गेला. तुरुंग नाही. कायद्यानं जे करायचं ते केलं, आणि रोस्विताला वाटलं होतं की संपल्यावर काहीतरी वाटेल. परतताना बसच्या खिडकीतून नांगरलेली शेतं बघताना तिला फक्त भूक लागली.

वर्तमानपत्रानं छापलं की सरपंचबाईंनी म्हाताऱ्या मैत्रिणीला चार शब्दांसाठी कोर्टात खेचलं. तसं अगदी लिहिलं नव्हतं, पण गावानं तसंच वाचलं. जे रोस्विताला कधी वाईट शब्द बोलले नव्हते तेही आता रस्ता बदलायला लागले. आपणही कधी काही लिहून गेलो असू, हिनं ते जपून ठेवलं असेल, अशी धास्ती. मार्लिसच्या दंडासाठी गावात डबा फिरला. तो रोस्विताच्या दाराशीही आला. फिरवणाऱ्या बाईनं घंटी वाजवली, कोण उघडतंय ते पाहिलं, आणि चुकून आले म्हणून निघून गेली.

गायनमंडळीतून दोघीही गळाल्या. खालची पट्टीच उरली नाही म्हणून नाताळचं गाणं त्या वर्षी झालं नाही.

रोस्वितानं मुदत पुरी केली. नळ दुरुस्त करून घेतला, फांद्या तोडून घेतल्या. तक्रारी आता घरी येत नसत, चिठ्ठ्यांवर येत. पुढच्या निवडणुकीला तिनं नाव दिलं नाही, आणि दुसऱ्या कुणीही दिलं नाही. वर्षभर वाट पाहून जिल्ह्यानं क्रेबनित्स शेजारच्या शहराला जोडून टाकलं. गावाच्या वेशीवरची पाटी बदलली. रोस्वितानं शेडच्या किल्ल्या शहराच्या माणसाच्या हातात दिल्या. तो घाईत होता, कोणती कशाची हे त्यानं विचारलं नाही.

आंट्या अजून बोलावते, ये इकडं राहायला. ती जात नाही. रायनहार्ट इथं आहे, म्हणते. समोरच्या घरातून मार्लिस बाहेर पडली की रोस्विता थोडा वेळ थांबून मग निघते, आणि मार्लिसही तसंच करते. कुणी ठरवलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात शहराच्या नगराध्यक्षाचा तिला फोन आला. तरुण माणूस, हॅस्लर त्याचं आडनाव. तिला कधी भेटलेला नव्हता. त्यानं बस परत सुरू करता करता कुठल्यातरी मशिदीला जागा द्यायची गोष्ट काढली होती आणि त्याच्या फोनवर सुरू झालं होतं. घरी तान्हं बाळ होतं, बायको घाबरली होती. त्याला कुणीतरी सांगितलं की क्रेबनित्सच्या कुनर्टबाईंना याचा अनुभव आहे.

तिनं त्याला सगळं नीट सांगितलं, कचेरीतल्या बाईसारखं. प्रत्येक मजकुराचं चित्र तारखेसकट घेऊन ठेवा, मग तो निघाला तरी हरकत नाही. फिर्यादीची मुदत असते, ती जाऊ देऊ नका. ठाण्यातल्या शिपायाशी वाद घालू नका, सरळ लिंडाउबाईंना गाठा. झोपायची खोली बदला. बायकोला वाचू देऊ नका, आणि तुम्ही वाचलंत तर जेवताना वाचू नका.

त्यानं लिहून घेतलं. मग विचारलं, याचा उपयोग होतो का.

‘‘होतो,’’ ती म्हणाली. त्यानं आभार मानले. मग ती म्हणाली, ‘‘तुमच्याच गावातलं कुणी निघालं, तर त्याच्या घरी जाऊ नका, हॅस्लर. मी गेले होते.’’